एकच गाणं ऐकवायचं तर कोणतं? (बीस्टी बॉइज)

टेपरेकॉर्डर | सोमवार, रात्री ११:४०

मंडळी, घरगुती पेच आहे. माझा भाचा, वय १९, दोन मित्रांना घेऊन गच्चीवर रॅप करतो. मोबाईलवर ठेका लावायचा आणि रस्त्यातल्या खड्ड्यांपासून प्रेमभंगापर्यंत सगळ्यावर तिघांनी आळीपाळीने तोंडसुख घ्यायचं. पोरं बरी करतात. परवा जेवताना मी बीस्टी बॉइज या अमेरिकन रॅप गटाचा विषय काढला, तर म्हणाला, "मामा, ती तीन गोरी पोरं नुसती बोंबलतात. त्याला रॅप म्हणतोस तू?" म्हटलं, अरे ते आधी पंक होते, बोंबलणं हाच त्यांचा मूळ धंदा. तर म्हणे, "एकच गाणं लाव. आवडलं तर पुढचं ऐकेन. नाही आवडलं तर माझ्या नव्या ट्रॅकचा खर्च तुझा." रविवारी येतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये चार शाळकरी वयाच्या पोरांचा हार्डकोर पंक (म्हणजे भरधाव, आरडाओरड्याचं रॉक) बँड. माइक डी गायला, अ‍ॅडम यॉक (हाच पुढचा एमसीए) बेसवर, जॉन बेरी गिटारवर आणि केट शेलेनबाख ही मुलगी ड्रमवर. १९८२ ची पहिली ईपी (छोटी रेकॉर्ड) 'पॉली वॉग स्टू', आठ गाणी मिळून अकरा मिनिटं. मिसळ सांगून तर्री येईस्तोवर सगळी संपते. मग बेरीच्या जागी अ‍ॅडम होरोविट्झ, म्हणजे अ‍ॅड-रॉक आला. १९८३ ला 'कुकी पुस', ज्यात एका आइस्क्रीम कंपनीला फोन करून छळलंय. पुढे रॅपकडे वळले, निर्माता रिक रुबिन भेटला, रॅपची कंपनी डेफ जॅम भेटली आणि १९८६ चा 'लायसन्स्ड टू इल' हा अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या नंबरावर गेलेला पहिला रॅप अल्बम ठरला.

माझं मत असं की त्यांची खरी गाणी तीच, जिथे पंकचा जुना टाका वरून दिसतो. माझं मत 'सो व्हॉट्चा वाँट'ला. तुमचं?

रातकिडा | रात्री ११:४६

सॅबोटाज. धागा बंद करा.

मुगाची_खिचडी | रात्री ११:५१

+१. यावर चर्चा कसली करायची?

चहाबाज | मंगळवार, सकाळी ७:१५

सॅबोटाजच, पण नुसतं नाव टाकून पळू नका रे. त्या गाण्यात रॅप जवळजवळ नाहीच. यॉकने बेसला फझ (आवाज फाटका करणारं यंत्र) लावून ती गुरगुरणारी ओळ वाजवली, मागोमाग ड्रम आणि गिटार. ते वाजवणं महिनोन् महिने तसंच पडून होतं, वर काय म्हणायचं कुणालाच सुचेना. त्यांचा ध्वनिमुद्रक मारिओ काल्डाटो "संपवा एकदाचं" म्हणून मागे लागलेला. मग अ‍ॅड-रॉकने त्याच्यावरच गाणं रचलं, की हाच माणूस आमच्या कामात खोडा घालतोय. आणि ते रागाचं ओरडणं मारिओच्याच घरी, मारिओकडूनच रेकॉर्ड करून घेतलं! ज्याला शिव्या घालायच्या त्यालाच माइक धरायला लावणं हा खरा पंक.

मधे सगळं एकदम थांबतं, बेस एकटाच उरतो आणि मग सगळे परत तुटून पडतात, ती जागा हेडफोनवर ऐका. नाष्ट्याआधी नको.

खडूस_काका | सकाळी ९:०२

कुतूहल म्हणून ऐकलं. तीन मिनिटांत आमच्या ही आतून येऊन विचारून गेल्या की कुणाशी भांडताय. यात संगीत नेमकं कुठे आहे ते कुणी दाखवेल का? उपरोध नाही, खरंच विचारतोय.

रातकिडा | सकाळी ९:१०

काका, उपरोध नाही म्हणताय म्हणजे नक्कीच आहे.

चहाबाज | सकाळी ९:३४

काका, तुमच्यासाठी 'द मिक्स-अप', २००७. अख्खा अल्बम वाद्यांचा, एक शब्द कुणी बोलत नाही. त्याला ग्रॅमी पण मिळालंय. काकूंची परवानगी लागणार नाही.

बारा_बलुतं | सकाळी १०:२०

टेपरेकॉर्डर, तुमचा भाचा स्वतः ठेके बनवत असेल तर त्याला 'पॉल रिव्हिअर' ऐकवा. मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात पॅड वाजवायचो, पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा कळेचना की हात कसा पडतोय. कारण हात तसा पडूच शकत नाही. ८०८ या ठेक्याच्या यंत्रावर साधा ठेका वाजवून टेपवर घेतला, टेप उलटी फिरवली आणि ती उलटी टेप परत घेतली. यॉकचं डोकं ते. ढोलाचा 'धुम्' आधी यायच्या ऐवजी हवा आत ओढल्यासारखा 'म्म्धु' येतो. आज हे फोनवर एका बटणात होतं. १९८६ ला रीळ हाताने उलटवावं लागे.

मी घरी कॅसेटवर करून बघायला गेलो होतो. स्क्रू काढून टेप पलटली आणि लावली. आमच्या आक्काच्या लग्नाची कॅसेट होती. पुढचं लिहीत नाही.

मुगाची_खिचडी | सकाळी १०:२६

आक्का बोलते का आता?

बारा_बलुतं | सकाळी १०:४१

दिवाळीला बोलते.

उंबराचं_फूल | दुपारी १:०५

सगळे पुरुष आयडी मजेत आहेत म्हणून जरा काडी टाकते. 'लायसन्स्ड टू इल'मधलं 'गर्ल्स' हे गाणं ऐकलंय का कुणी अलीकडे? १९८७ च्या दौऱ्यात पिंजऱ्यात नाचणाऱ्या मुली असायच्या आणि मंचावर आणखी काय उभं करायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि ज्या केटने पहिले ड्रम वाजवले तिला त्याआधीच बाजूला काढलं, कारण रुबिनला 'पोरांचा' गट हवा होता. मूळ लेखात केटचं नाव दिलंत हे बरं केलंत, बरेच जण तेही देत नाहीत. ती पुढे लशस जॅक्सनमध्ये वाजवायला लागली आणि गंमत म्हणजे तो बँड यांच्याच ग्रँड रॉयल या रेकॉर्ड कंपनीने काढला.

आता माझं गाणं: 'श्योर शॉट', १९९४. वरून जेरेमी स्टाइगची बासरी, एकदम खेळकर. आणि मधेच एमसीए आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणून जातो की बायकांचा अपमान करणं आता बास झालं, आया-बहिणी-बायका-मैत्रिणी सगळ्यांना मान. चार ओळी फक्त. छाती पिटणं नाही, पत्रकार परिषद नाही, गाणं पुढे चालू. स्वतःच्याच आठ वर्षांपूर्वीच्या गाण्यांना असं मधल्या कडव्यात उत्तर देणारा दुसरा गट मला माहीत नाही.

कोरडा_घसा | दुपारी १:२२

माफी मागितली की झालं का? त्या गाण्यांचे पैसे तर घेतलेच ना.

उंबराचं_फूल | दुपारी १:४०

झालं असं मी म्हटलेलं नाही. मी गाणं ऐकते, कॅरेक्टर सर्टिफिकेट देत नाही. पण ते तिथेच थांबले नाहीत एवढं खरं. १९९९ ला एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात अ‍ॅड-रॉकने बक्षीस घ्यायला जाऊन, त्या वर्षीच्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात बायकांवर झालेल्या अत्याचारांबद्दल सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. समलिंगी लोकांबद्दल जुन्या काळी जे बरळले त्याची त्याने जाहीर पत्र लिहून माफी मागितली. 'फाइट फॉर युअर राइट'ही मंचावर म्हणणं सोडून दिलं. ते मुळात दारू पिऊन धुडगूस घालणाऱ्या पोरांची टिंगल म्हणून केलं होतं, तर त्याच पोरांनी ते डोक्यावर घेतलं आणि दौऱ्यावर हे स्वतः तसेच होऊन बसले. गंमत म्हणून मिशी लावावी आणि निघूच नये तसं.

कोरडा_घसा | दुपारी १:५८

मिशीचं पटलं.

कोरडा_घसा | दुपारी १:५८

प्रतिसाद काढून टाकला आहे (दोनदा पडला)

जर्सीवाली | दुपारी ४:३०

इथे सकाळ झाली, आत्ता धागा बघितला. मला वाटतं तुम्ही सगळे 'पॉल्स बुटीक' विसरताय. १९८९. धांगडधिंग्याचा दुसरा भाग मिळेल म्हणून लोक बसले होते आणि मिळाला हा प्रकार. त्या वेळी फारसा खपला नाही. डस्ट ब्रदर्स या निर्मात्यांबरोबर केलेला, शंभराहून जास्त जुन्या गाण्यांचे तुकडे जोडून शिवलेला. माझी आजी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची. प्रत्येक तुकडा कुणाच्या अंगावरचा ते तिला ठाऊक असे आणि आम्हालाही थंडीत चाचपून ओळखता यायचं. तसंच आहे हे. 'एग मॅन'मध्ये कर्टिस मेफिल्डचा बेस, 'द साउंड्स ऑफ सायन्स'मध्ये बीटल्स, आणि शेवटी 'बी-बॉय बुयाबेस' हे नऊ तुकड्यांचं बारा मिनिटांचं प्रकरण.

अल्बमच्या कव्हरवर जो रस्ता आहे तो मॅनहॅटनमधला लडलो आणि रिव्हिंग्टनचा कोपरा. गेल्या वर्षी नवऱ्याला ओढून नेलं. २०२३ पासून तिथे 'बीस्टी बॉइज स्क्वेअर' अशी पाटी आहे. आपण हिरवी पाटी बघतोय, फोटो काढतोय, आणि शेजारून लोक कुत्रे घेऊन निवांत चाललेत. नवरा म्हणाला, "एवढ्यासाठी वीस डॉलर टोल भरला?" मी हो म्हटलं.

टेपरेकॉर्डर | संध्या. ६:१०

गोधडीला दंडवत. पण जर्सीवाली, त्यात पंक कुठे आहे? तिघांपैकी कुणी वाद्याला फारसा हात लावलेला नाही.

जर्सीवाली | संध्या. ६:२५

'लुकिंग डाउन द बॅरल ऑफ अ गन' ऐका आणि मग बोला. शिवाय कंपनीने हिट मागितलं असताना हे हातात ठेवणं यापेक्षा पंक काय असतं?

कायदेकानू | रात्री ८:४५

गोधडीवरून आठवलं. अवांतर आहे, पण कामाचं. आज 'पॉल्स बुटीक' करायचा म्हटलं तर प्रत्येक तुकड्याच्या परवानगीतच घर विकावं लागेल. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका निकालानंतर विचारल्याशिवाय तुकडा उचलणं संपलंच.

आणि यांच्यावरचा खटला तर आम्हा लोकांचा लाडका. 'पास द माइक'मध्ये (१९९२, 'चेक युअर हेड') जेम्स न्यूटन या बासरीवादकाच्या रेकॉर्डमधला सहा सेकंदांचा तुकडा आहे. तीन सुरांचा. रेकॉर्डिंगची परवानगी त्यांनी पैसे देऊन घेतली होती, पण रचनेची वेगळी घेतली नाही. न्यूटन कोर्टात गेला. २००३ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की रचना म्हणून बघितलं तर हे तीन सूर इतके किरकोळ आहेत की त्याला उचलेगिरी म्हणता येणार नाही. रेकॉर्डिंग वेगळं आणि रचना वेगळी, हे ज्युनियरना समजवायला मी हेच गाणं लावतो. ऑफिसात स्पीकरवर.

उलट बाजूही आहे. 'कुकी पुस'च्या मागच्या बाजूचं 'बीस्टी रेव्होल्यूशन' एका विमान कंपनीने न विचारता जाहिरातीत वापरलं. पोरांना ४०,००० डॉलर मिळाले, त्यातून त्यांनी भाड्याने जागा घेतली आणि बँड त्यावर जगला. म्हणजे तुकडा चोरला जाणं आणि तुकडा उचलणं, दोन्ही टोकांनी त्यांचं पोट भरलंय.

खडूस_काका | रात्री ९:००

तीन सूर सा, कोमल रे, सा असेच आहेत ना? ऐकले. तेवढ्यावर खटला? आमच्याकडे तेवढ्यावर घराणी भांडतात म्हणा.

कायदेकानू | रात्री ९:०४

काका, कान शाबूत आहे. अगदी तेच.

रातकिडा | रात्री ९:१२

काकांना आवडायला लागलंय. स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

ढोलकीवाला_नाथ | बुधवार, सकाळी ८:०५

मला या सगळ्यात आपला पोवाडा दिसतो. शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी शेवटचा शब्द उचलून झील धरतात. बीस्टीही तसेच. एक जण ओळ म्हणतो आणि शेवटच्या शब्दावर बाकीचे दोघे तुटून पडतात. भाच्याला हे सांगा, लगेच पटेल.

कोरडा_घसा | सकाळी ८:३०

आला पोवाडा! आपल्या संस्थळावर कुठलाही विषय पन्नासाव्या प्रतिसादापर्यंत पोवाड्याला जाऊन बांधला जातोच. या वेळी तिशीच्या आतच.

ढोलकीवाला_नाथ | सकाळी ८:३६

मग तुम्ही सांगा दुसरं काय म्हणायचं त्याला.

बारा_बलुतं | सकाळी ९:५०

नाथ, दिसतंय ते चूक नाही, पण ती यांची स्वतःची पद्धत नव्हे. कोल्ड क्रश ब्रदर्स, ट्रेचरस थ्री या ब्राँक्स-हार्लेममधल्या काळ्या मुलांच्या गटांनी ती घडवली. रन-डीएमसीने मोठी केली. यांनी ती त्यांच्याकडून उचलली, आणि 'स्लो अँड लो' तर मुळात रन-डीएमसीचंच गाणं. यांनी त्यात स्वतःचं घातलं ते म्हणजे पंकमधलं एकत्र ओरडणं. तिथे कोरस सुरात लावत नाहीत, सगळ्यांनी एकदम घसा फोडायचा असतो. ब्राँक्सची शिस्त आणि हार्डकोरचा घसा. भाच्याच्या 'बोंबलतात'चं उत्तर इथे आहे.

आणि हो, 'नो स्लीप टिल ब्रुकलिन'वरचा गिटार सोलो स्लेयर या मेटल बँडच्या केरी किंगचा. त्याच वर्षी रुबिन स्लेयरचाही अल्बम करत होता. शेजारच्या मांडवातला वाजवणारा उचलून आणावा तसा आणला.

धानाचं_शेत | दुपारी १२:१५

मी गोंदियाकडचा. इथे लिहावं की नको असं वाटत होतं, पण लिहितो. 'श्योर शॉट' ज्यावर आहे त्या 'इल कम्युनिकेशन' अल्बममध्ये शेवटाकडे 'शंभाला' आणि 'बोधिसत्त्व व्हाउ' अशी दोन गाणी लागोपाठ आहेत. भिक्षूंचं खर्जातलं पठण आणि त्याच्यावर ड्रम. यॉक बौद्ध झाला होता. त्या दोन गाण्यांच्या कमाईतून आणि पुढे मिलारेपा फंडातून तिबेटसाठी काम उभं राहिलं. जून १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये पहिली तिबेटन फ्रीडम कॉन्सर्ट झाली, दोन दिवसांत लाखभर माणूस आलं.

आमच्या जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे. माझ्या वर्गात तिथली दोन मुलं होती. एकाच्या खोलीत दलाई लामांच्या फोटोशेजारी त्या कॉन्सर्टचा टी-शर्ट खुंटीला टांगलेला असायचा. कुणा नातेवाइकाने अमेरिकेतून पाठवलेला. कधी घालायचा नाही. मी विचारलं, हे कोण? म्हणाला, "आमच्यासाठी गाणारे." गाणी त्यानेही ऐकली नव्हती. आम्ही दोघांनी ती पहिल्यांदा अर्जुनी मोरगावच्या सायबर कॅफेत ऐकली, एका हेडफोनचे दोन कान वाटून. त्याला पठणाचे शब्द कळत होते, मला ड्रम कळत होते.

माझं मत 'बोधिसत्त्व व्हाउ'ला.

उंबराचं_फूल | दुपारी १२:४०

बरं झालं लिहिलंत.

चहाबाज | दुपारी १२:५२

रोज ऐकणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं. त्याच अल्बमवर 'टफ गाय' आणि 'हार्ट अटॅक मॅन' असे निव्वळ पंकचे दोन फटाकेही आहेत. एकाच रेकॉर्डवर भिक्षू, बासरी आणि फटाके.

मुगाची_खिचडी | दुपारी २:१०

मी १९९८ वाली. शाळेतून आले की टीव्हीवर 'इंटरगॅलॅक्टिक' लागायचं. जपानमध्ये रस्ता खोदणाऱ्या कामगारांसारखे पोशाख घालून हे तिघे, आणि मागे अवाढव्य रोबोटची ऑक्टोपसच्या डोक्याच्या राक्षसाशी मारामारी. आईने एकदा बघितलं आणि केबल काढून टाकली. पंकबिंक माहीत नाही, मला तेच आवडतं.

रातकिडा | दुपारी २:१५

यात काय विशेष, आमच्या आईने सॅबोटाजवरून काढली होती.

टेपरेकॉर्डर | रविवार, रात्री १०:५५

तर मंडळी, निकाल.

भाचा आला, मित्रांसकट. धाग्याचा कौल सॅबोटाजला होता, माझा 'सो व्हॉट्चा वाँट'ला. पण तिघांना समोर बसलेलं बघून ऐन वेळी 'पास द माइक' लावलं. हे तिघेही एकच माइक फिरवतात, दुसरा घ्यायला पैसे नाहीत. कायदेकानूंचे तीन सूर आले तेव्हा मी बोट वर केलं, कुणी लक्ष दिलं नाही.

पहिल्यांदा ऐकून भाचा गप्प. दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. मग विचारलं, "आवाज फाटका का आहे?" म्हटलं, मुद्दाम. लॉस एंजेलिसमध्ये स्वतःचा स्टुडिओ केला होता, बास्केटबॉलची रिंग, स्केटबोर्डचा रॅम्प, आणि कोपऱ्यात वाद्यं. कीबोर्ड वाजवणारा मनी मार्क हा मुळात घराचं मोडलेलं फाटक दुरुस्त करायला आलेला सुतार. मित्रांपैकी एकाचे वडील सुतार आहेत, तो जरा सावरून बसला.

मग भाच्याने विचारलं, "तो घोगरा कोण?"
"एमसीए. अ‍ॅडम यॉक."
"आता काय करतो?"
"गेला. मे २०१२. लाळग्रंथीचा कॅन्सर. ४७ वर्षांचा होता."
"मग बाकीचे दोघं?"
"त्यांनी त्या नावाने परत गाणं केलं नाही."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. तिसऱ्यांदा लावलं. या वेळी तिघांनी शेवटचे शब्द उचलायला सुरुवात केली, चुकीचे, पण जागेवर. दुसऱ्या कडव्यात सुताराच्या पोराला ठसका लागला. मी पाणी आणायला आत गेलो तोवर यांनी सॅबोटाज लावलं होतं. शेजारचे जोशीकाका गॅलरीत आले.

खडूस_काका | रात्री ११:०८

जोशींबद्दल सहानुभूती. दरम्यान, ते वाद्यांचं ऐकलं. 'सब्रोसा' नावाचंही एक सापडलं. वाईट नाही. बेसवाला चांगला आहे. तोच का तो गेलेला?

चहाबाज | रात्री ११:१२

तोच, काका.

मुगाची_खिचडी | रात्री ११:२०

पण पैज? पैसे वाचले का?

टेपरेकॉर्डर | रात्री ११:३१

गाणं आवडलं हे त्याने कबूल केलं. जाताना दारात चपला घालत म्हणाला, मामा, दुसरा माइक घ्यायचाय, अठराशे कमी पडतायत. दिले.